डोमाचा डावा हात

भद्रावती
१० नोव्हेंबर १९८५

श्रीहरी,

जयभीम. तू खुशाल असशील. नसतास तर देवाजीकाकांनी आतापर्यंत सगळ्या फॅक्टरी कॉलनीला सांगितलं असतं. पोराची खुशाली त्याच्या बापाच्या चेहऱ्यावरून वाचायची पाळी माझ्यावर आली आहे. मुंबईत पोस्टाची पेटी मिळत नसेल तर तसं कळव, इथली एक उपटून पाठवते.

काल नागपूरहून दोन पोरं आली होती. इंजिनिअरिंगची, केस मानेवर. 'भोंगा बँडचं घर कोणतं' विचारत विचारत खदानीच्या क्वार्टरांत पोचली. त्यांच्या होस्टेलात म्हणे आपलीच कॅसेट वाजते, एकाकडून दुसरा भरून घेतो. एकाच्या शर्टावर हातानं 'भोंगा' लिहिलेलं होतं. ते बघून मला आधी हसूच आलं. फॅक्टरीचा भोंगा वाजला की देवाजीकाका सायकल काढायचे आणि तू गिटार काढायचास, म्हणून डोमानं चिडवायला ठेवलेलं ते नाव. आता ते नागपूरच्या पोरांच्या छातीवर आहे.

"स्टुडिओ कुठी आहे?" एकानं विचारलं. मी खोली दाखवली. चूल, आईची खाट, तांदळाची कोठी. भिंतींवर आवाज अडवायला टांगायचो त्या वाकळी आता अंथरुणावर आहेत. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग सगळं समजावून सांगितलं. दोन टेप. पहिल्यावर डोमाचा ताल वाजणार, श्रीहरी त्याच्यासोबत गिटार वाजवणार, ते दोन्ही मिळून दुसऱ्या टेपमध्ये भरणार. मग ती दुसरी कॅसेट लावायची, त्यावर आणखी काही वाजवायचं, आणि ते पुन्हा पहिल्या कॅसेटवर. आधीचं पुसून. चांगल्या कॅसेटी दोनच, त्यांचीच ये-जा. बटणं दाबायला मी. बटण दाबलं की मी 'हं' म्हणायची, म्हणून प्रत्येक गाण्याच्या आधी एक 'हं' आहे. "ते तुम्ही होय?" असं म्हणून तो शर्टवाला माझ्याकडे असा बघत राहिला की मला पदर नीट करावा लागला.

"पण मंग चूक झाली तं?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, चूक झाली तर ती गाण्यातच राहते. भाजीत मीठ पडलं की पडलं.

त्यांना सगळ्यात जास्त विचारायचं होतं ते डोमाच्या तालाबद्दल. ग्रीसच्या रिकाम्या ड्रमवर वाजवलेलं त्यांना कळलं होतं, तुझ्या फाटक्या स्पीकरची खरखरही कळली होती. पण डावा हात एवढा उशिरा कसा पडतो, ते काही जमेना. होस्टेलात सगळे तसं वाजवायला बघतात, लंगडा ताल म्हणतात त्याला. आमच्या कोठीवर त्यानं वाजवून दाखवलं. धडधाकट पोरगा, आणि मुद्दाम डावा हात मागं ठेवत होता. मी सांगितलं, खदानीत कोळसा वाहणाऱ्या दोन डब्यांमध्ये त्याचा अंगठा सापडला होता, त्यानंतर तो हात तसाच पडायचा. तू त्यावरून डोमाला किती शिव्या दिल्या होत्यास आठवतं? आणि मग सगळी गाणी त्याच हाताच्या मागं मागं चालायला लागली.

मग त्यानं विचारलं, "ड्रमरभाऊ ड्यूटीवर गेले का?"

आई चहा ठेवत होती. मी सांगितलं, मे महिन्यात खदानीत त्याच्यावर छत बसलं. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि निघून गेले.

ते गेल्यावर आई म्हणाली, "त्याची ते कॅसेट कुठी हाय? एकट्याची?" तुला माहीत आहे कोणती. निळ्या चिकटपट्टीवर डोमानं 'ताल' लिहिलेलं आहे. त्यात तुझं काही नाही, भोंगा नाही, खदानीचा सुरुंग नाही. माझं 'हं' आणि मग नुसता डोमा. तू दोन्ही कॅसेटी घेऊन गेलास. गाण्यांची ठेव, ती तुझी आहेत. 'ताल' पाठवून दे. आईकडे पोराचा फोटोही धड नाही, खदानीच्या ओळखपत्रावरचा आहे त्यात डोळे मिटलेले आहेत.

मला त्याच्या जागी नोकरी मिळाली. लॅम्प रूममध्ये आहे. पाळीला जाणाऱ्यांच्या हाती दिवे द्यायचे, वर आले की परत घ्यायचे. काम बरं आहे.

आई म्हणते, पत्रात श्रीहरीले भाऊ लिह. अजून तरी लिहिलेलं नाही.

भागीरथा


भद्रावती
९ जानेवारी १९८६

श्रीहरी,

आज जयभीमही नाही.

आईला डोळे दाखवायला चंद्रपूरला न्यायचं होतं. यष्टीची वाट बघत आम्ही स्टँडवर उभ्या होतो. समोर सुकलूचं दुकान, तोच सुकलू, जो आपल्याला कॅसेटी भरून द्यायचा आणि 'हे काय लावलं बे, डब्बे बडवून राह्यले' म्हणून हसायचा. त्यानं दोन मोठे स्पीकर बाहेर काढून ठेवलेत. कॉलेजची पोट्टी मान हलवत उभी होती. गिटार तुझी होती, ती मी झोपेतही ओळखीन. आणि गिटारीच्या वर एक बाई रडत होती.

"भाकर बांधली रे डोमा, कोणाच्या हाती देऊ रे..."

आईनं माझा दंड धरला. "भागी, हे तं मी होय."

मला खरंच वाटलं तिला भ्रम झाला. मग पुढची ओळ आली, त्याच्या लहानपणच्या गोवराची, आणि ती ओळ आमच्या घराबाहेर कोणाला माहीत असण्याचं कारणच नाही. एक पोट्टा दुसऱ्याला म्हणाला, "इथून ऐक, इथून भारी आहे." आई रस्त्यावर मटकन बसली.

मी दुकानात शिरले, मशीन उघडली, कॅसेट काढली आणि फीत ओढून ओढून पार रस्त्यावर केली. सुकलू ओरडला, "काऊन वं भागीरथा, पागल झाली का? नागपूरचा माल हाय, लय चालून राह्यला!" यष्टी आली आणि गेली. आम्ही घरी परतलो.

आईनं मग सगळं सांगितलं. तुलाही सांगते, कारण तू फक्त ऐकलंस, ती का रडली हे तुला कळलं असेल असं मला वाटत नाही.

डोमाला आणलं त्या दिवशी ती सूर धरून रडायला लागली होती. तिची आई तशी रडायची, तिची आजी तशी रडायची, मेलेल्याचं सगळं आयुष्य आठवून आठवून त्याला सांगायचं. सोमाजी गुरुजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ठमाबाई, हे आपल्या धम्मात नाई. आपण ते जुनं सोडलं. वंदना घ्या." गुरुजी वाईट माणूस नाहीत, डोमाला अक्षर त्यांनीच शिकवलं. आई गप्प झाली. त्रिशरण म्हणाली, पंचशील म्हणाली, आणि मग रडलीच नाही. पुण्यानुमोदनाला सगळ्यांना जेवायला वाढलं, कोरड्या डोळ्यांनी. बाया कुजबुजल्या की बाईचं काळीज दगडाचं आहे.

मी खदानीच्या हापिसात कागद करायला गेले होते ती दुपार. तू घरी होतास. आई तुला म्हणाली, "बापू, डोमाले लाव जरा." तू 'ताल' लावलीस. आणि डोमाचा हात पडायला लागला तशी ती रडायला लागली, त्याच्याच तालावर, जे आत दाबून ठेवलं होतं ते सगळं. ती तुला घरचा समजून तुझ्यासमोर रडली. आणि तू उठून दुसऱ्या टेपचं बटण दाबलंस. तिला दिसलं नाही, तेव्हाच तिच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला होता. त्या गाण्याच्या आधी माझं 'हं' नाही, श्रीहरी. म्हणून मला माहीत नव्हतं.

तू चोर आहेस. दुसरा शब्द मी शोधला, सापडला नाही.

पूस ते. नागपूरच्या कॉप्या मी पुसू शकत नाही, पण तुझ्याकडे जे मूळ आहे ते पूस, त्याच्यावर वाटेल ते भर, कुत्र्याचं भुंकणं भर. माझ्या आईचं रडणं तुझ्याजवळ एक दिवसही राहता कामा नये. आणि डोमाचा 'ताल' परत पाठव. इतक्या वर्षांत तू माझं एकही ऐकलं नाहीस. शहाबाद फरशीवर बसू नकोस, सर्दी होते, एवढंसुद्धा नाही. आता एकदा ऐक.

भागीरथा


भद्रावती
१६ जानेवारी १९८६

श्रीहरी,

थांब. माझं मागचं पत्र मिळालं असेल तरी थांब. काही पुसू नकोस.

आज तुझं पत्र आलं. ते माझ्या नोव्हेंबरच्या पत्राचं उत्तर आहे. दोन महिने विचार करत होतास म्हणे. म्हणजे तू लिहिलंस तेव्हा माझं शिव्यांचं पत्र तुझ्याकडे पोचायचं होतं. तारमास्तरांकडून आताच तार करून आले. त्यांनी इंग्रजीत लिहिलं, 'पुसू नको' एवढंच. काय पुसायचं नाही ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं नाही.

तू लिहितोस की 'ताल' आता नाही. आईचं रडणं दुसऱ्या कॅसेटवर उतरवलं, मग त्यावर गिटार चढवताना सवयीनं पहिली कॅसेट लावली आणि बटण दाबलं. नेहमीची ये-जा. हात आपोआप गेला. अर्धं गाणं झाल्यावर तुझ्या ध्यानात आलं की खाली डोमा पुसला जातो आहे, आणि तू वाजवत राहिलास, कारण थांबूनही तो परत येणार नव्हता. दुसरी कॅसेटही पुढच्या गाण्यात पुसली गेली. तू लिहितोस, 'डोमा आता फक्त त्या गाण्याच्या तळाशी आहे, तुझ्या आईच्या आवाजाखाली, आणि तो वेगळा निघत नाही.'

हे वाचून मी तुझ्यावर रागवायला बसले आणि मला ते जमेना. त्या खोलीत असते तर मीही तीच कॅसेट हाती दिली असती. आपण तिघं कधी दुसऱ्या रीतीनं वागलोच नाही.

मग मी सुकलूकडे गेले. त्यानं मला बघून आधी मशीनवर हात ठेवला. त्याच्याकडे आणखी एक कॉपी होती. मी म्हटलं, मले आयकू दे, तोडत नाई. स्पीकरला कान लावून शेवटपर्यंत ऐकलं. आई आहे. तू आहेस. डोमा नाही. कॉपीची कॉपी, तिची आणखी कॉपी. तळाला होता तो सगळ्यात आधी गेला, तिथं आता नुसती सरसर आहे. म्हणून स्टँडवर आम्हाला तो ऐकूच आला नव्हता. म्हणजे आईच्या रडण्याखाली त्याचा हात जिथं ऐकू येतो अशी एकच कॅसेट आहे आणि ती तुझ्याजवळ आहे.

आईला सांगितलं. भीत भीत सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजे मी रडून राह्यलो त्याच्या खाली तो हाय?"

"हो."

"मंग राहू दे." थोड्या वेळानं म्हणाली, "लोकं आयकतीन तं आयकू दे. माह्या पोराच्या अंगावर मी हावो, काढाले गेले तं तोही निंगन. त्याले लिह, पुसू नको म्हना. आनाले सांग."

संध्याकाळी सोमाजी गुरुजी आले. स्टँडवरची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. सुकलूला समज देतो म्हणाले, आपल्या बाईचं रडणं बाजारात वाजायला नको. आईनं त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी थांबवलं तवा मी थांबलो. आता नाई थांबत." गुरुजी पाणी प्यायले आणि उठले. जाताना दारात उभे राहून म्हणाले, "आली का कॅसेट, मलेही बलावजो, बाई."

तू लिहिलंस की मुंबईच्या कॅसेट कंपनीवाल्याला तेच गाणं हवं आहे, तेच पहिलं ठेवणार. ठेवू दे. आईची परवानगी आहे, माझीही आहे. तू चोर आहेस हा शब्द मी मागं घेत नाही, पण तो मी तुझ्या तोंडावर म्हणीन, तू ती कॅसेट घेऊन आलास की. ये. वाकळी पुन्हा टांगते.

भागीरथा


भद्रावती
३ मार्च १९८६

श्रीहरी,

उत्तर नाही. तारेलाही नाही. देवाजीकाका म्हणतात, काम जोरात चालू आहे, जागा बदलली आहे.

आई रोज पोस्टमनला विचारते. आधी दारात उभी राहायची, आता वळणापर्यंत जाते, कारण तिला माणूस लांबून ओळखू येत नाही, सायकलची घंटी तेवढी येते. शेजारच्या देवकाबाईला तिनं सांगून ठेवलं आहे की डोमा येणार आहे. मी तिला म्हटलं, असं बोलू नकोस, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "आवाज तं येऊन राह्यला ना."

लॅम्प रूममध्ये डोमाच्या नंबरचा दिवा आता राजुऱ्याकडच्या एका नव्या पोराला लागला. रोज मीच त्याच्या हातात देते. पाळी सुटली की तो वर येईपर्यंत मी खिडकी बंद करत नाही. बाकीचे हसतात, त्यांना वाटतं माझं काही आहे.

कॅसेट पाठव. तू नाही आलास तरी चालेल.

भागीरथा


भद्रावती
२१ ऑगस्ट १९८६

श्रीहरीभाऊ यांस,

सप्रेम जयभीम. तुमचं पार्सल पोचलं.

कॅसेट सुरेख छापली आहे. वर तुमचा फोटो चांगला आला आहे, केस वाढवलेले शोभतात. आत बारीक अक्षरात 'डोमाच्या आठवणीस' लिहिलं आहे ते मी आईला वाचून दाखवलं. सुकलूनं दुकानाच्या फळीवर तुमचं मोठं चित्र लावलं आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की याच्या कॅसेटी मीच भरून देत होतो. नागपूरची ती दोन पोरं पुन्हा येऊन गेली. देवाजीकाकांनी कॉलनीत पेढे वाटले, आमच्याकडे आणून दिले.

सोबतचं पत्र वाचलं. ९ जानेवारीचं माझं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्ही मूळ कॅसेट पुसली. तुमच्या खोलीत टेप चालू करून, काही न वाजवता, दोन्ही बाजू शेवटपर्यंत पुसल्या. तार नंतर हाती आली. मग काय लिहावं ते सुचलं नाही म्हणून सात महिने लिहिलं नाही. तुम्ही लिहिता, 'तू आयुष्यात पहिल्यांदा काही ठणकावून मागितलंस, मला वाटलं निदान हे तरी करावं.' केलंत. मी मागितलं आणि तुम्ही ऐकलंत, त्यात मी तुम्हाला काय म्हणू. मला या एका गोष्टीनं झोप येत नाही, तेवढं लिहून ठेवते.

तुम्ही हेही लिहिलंत की कंपनीला मूळ आवाज फार खरखरीत वाटत होता, तसंही ते नव्यानंच करायचं म्हणत होते. यातलं काय आधी घडलं, माझं पत्र की कंपनीचं म्हणणं, ते मी विचारत नाही. तुम्हीही सांगू नका.

आईला मी सगळं सांगितलं नव्हतं. कॅसेट आली एवढंच सांगितलं. तिनं लुगडं बदललं, सोमाजी गुरुजींना बोलावणं पाठवलं, देवकाबाईला बोलावलं. दुपारी पाळीला जायच्या आधी मी टेप लावला. बटण दाबताना तोंडातून 'हं' निघून गेलं. कॅसेटमध्ये ते कुठंच नाही, बाकीच्या गाण्यांआधीचंही कापलेलं आहे.

आवाज फार स्वच्छ आहे, भाऊ. इतका स्वच्छ आवाज आमच्या टेपमधून कधी निघाला नव्हता. तुम्ही आठवणीतून शब्द सांगितलेत, कंपनीच्या गाणाऱ्या बाईंनी एकही चुकवला नाही. भाकर आहे, गोवर आहे. गळा गोड आहे. गुरुजींनी डोळे पुसले. देवकाबाई तर हुंदके द्यायला लागली.

आई मांडीवर हात ठेवून बसली होती. ताल सुरू झाला तशी तिची बोटं मांडीवर पडायला लागली. उजवा, आणि मग जरा थांबून डावा. उजवा, आणि थांबून डावा. कॅसेटमधला डावा हात थांबत नव्हता. तो अगदी वेळेवर येत होता. तिनं दोन-तीनदा पुन्हा पकडायला पाहिलं. मग हात उचलून पदरात घेतले आणि तशीच ऐकत राहिली, शेवटपर्यंत. मला वाटत होतं ती आता विचारेल, डोमा कुठी आहे. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं ते विचारलं नाही.

गाणं संपलं तेव्हा म्हणाली, "बाई चांगली रडते. कोन मेलं तिचं?"

गुरुजी खाली बघत राहिले. ती माझ्या बाजूला तोंड करून थांबली होती. तिला आता माणूस दिसत नाही, नुसता अंधुक आकार दिसतो, आणि तेवढ्यावर ती बघत राहते. शेवटी मी म्हटलं, "श्रीहरीभाऊले इचारून सांगतो."

रोज कामावरून आले की विचारते, आलं का उत्तर. तिला काय सांगू ते कळवा.

भागीरथा